बुवांच्या वहीतलं १९८८

१९८८ सालातलं सगळ्यात गाजलेलं गाणं कुठलं, असं रत्नागिरीच्या आसपासच्या एखाद्या वाडीत विचारलंत, तर उत्तराआधी उलटा प्रश्न येईल, "गणपतीतला की शिमग्यातला?"

प्रश्न रास्त आहे. कॅलेंडरचं साल जानेवारीत उघडतं, सरकारी साल एप्रिलात, शाळेचं जूनमध्ये. गाण्यांचं साल आमच्याकडे गणपतीच्या पाटाबरोबर घरात येतं आणि शिमग्याची पालखी सहाणेवरून उठून देवळात परत गेली की मिटतं. मधले महिने आंब्याचे, लग्नांचे आणि पावसाचे. त्या दिवसांत कानावर नवीन काही पडलंच तर पडलं, नाहीतर जुन्यावर भागवायचं. म्हणून 'अमुक सालची गाजलेली गाणी' अशी यादी कुणी वाचायला घेतली, की माझं लक्ष गाण्यांआधी त्या सालाकडे जातं. कुणाचं साल? कुठून कुठवर?

देशाची म्हणून एक यादी होती, हे मान्य. ३ डिसेंबर १९५२ ला सुरू झालेली बिनाका गीतमाला. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोन लावायचं, अमीन सायानींच्या 'बहनो और भाइयो'ला मान डोलवायची आणि कुठलं गाणं किती पायदान चढलं, कुठलं घसरलं, याची चर्चा गुरुवारी सकाळी एसटीच्या थांब्यावर करायची. शॉर्टवेव्हचा स्वभाव लहरी. ऐन सरताज गीताच्या वेळी सिलोन दूर जायचं आणि मधेच कुठलंसं चिनी की अरबी बाईंचं भाषण ऐकू यायचं. डिसेंबर सरता सरता वर्षभराची यादी जाहीर होई. १९८८ च्या यादीत पहिलं आलं ते 'कयामत से कयामत तक'मधलं 'पापा कहते हैं'. गीतमालेच्या सिलोनच्या काळातलं ते शेवटचं साल. १९८९ पासून ती विविध भारतीवर आली, आवाज स्वच्छ झाला आणि चिनी बाई कायमच्या गेल्या.

पण ही यादी बने कशी? रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांच्या पत्रांवरून. इथेच आमची वाडी बाद झाली. रेकॉर्ड विकत घेणारं माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हतं. राहता राहिली पत्रं. फर्माइशीसाठी झुमरी तलैया हे गाव देशभर प्रसिद्ध झालं, ते तिथल्या लोकांना गाण्यातलं फार कळत होतं म्हणून नव्हे. त्यांना पोस्टकार्ड लिहायचा कंटाळा नव्हता, एवढंच. आमच्याकडचं पोस्टकार्ड मुंबईला जाई आणि त्यावर 'मनिऑर्डर पावली, गाय व्याली, गणपतीला लवकर निघ' एवढं लिहून झालं की 'कळावे' लिहायला कोपरा उरायचा. त्यात अमीनभाईंना कुठं बसवणार?

कॅसेट आली तेव्हा चित्र थोडं पालटलं. टी-सीरिजनं कॅसेट इतक्या स्वस्त केल्या की चाकरमानी गणपतीला येताना बत्ताशांच्या पुड्याबरोबर दोन-चार कॅसेट आणू लागले. शिवाय शहरात कॅसेट भरून देणारी दुकानं होती. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी नेऊन द्यायची, दोन दिवसांनी भरून मिळायची. साठची घेतली तर एका बाजूला सहा-सात गाणी मावत आणि सातवं मधेच तुटे. आमच्या घरच्या कॅसेटवर 'कयामत'मधलं एक द्वंद्वगीत असंच अर्ध्या कडव्यात खटकन बंद पडायचं. पुढे मी ते गाणं पुरतं ऐकलं, पण आजही त्या जागेवर आलो की कान पुढचं घ्यायला तयार होत नाहीत. वाडीतल्या एका लग्नात वाजंत्रीवाल्यांनी ते गाणं वाजवलं, तेव्हा त्याच जागी नाचणारी सगळी पोरं एकदम थांबली. कॅसेट सगळ्यांनी आमचीच ऐकलेली.

तर अशा या प्रदेशाच्या आवडीनिवडीची नोंद कुठे झाली असेल? माझ्या मते ती झाली आहे आणि अगदी चोख झाली आहे. आमच्या वाडीतल्या भजनी बुवांच्या वहीत.

बुवा पेशानं सुतार. कानावर पेन्सिल, बोटांवर मात्रा. वाण्याच्या दुकानात मिळते तसली उभी, लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही. तिच्यात जमा आणि नावे असे दोन रकाने छापलेले. बुवांनी छापील रकान्यांचा मान ठेवला. जमेच्या बाजूला निळ्या शाईत अभंगाचे, गवळणीचे, गजराचे शब्द. नावेच्या बाजूला लाल शाईत चाल. शब्द संतांचे किंवा स्वतःचे, म्हणून जमा. चाल उधारीची, म्हणून ती नावे. वहीच्या कोपऱ्यांना निरांजनाच्या तुपाचे डाग, मधे कुठे बुक्क्याचं बोट आणि एका पानावर कपाच्या बुडाचं वर्तुळ. १९८८ च्या गणपतीपासूनची पानं मी मुद्दाम मागून घेऊन पाहिली. लाल शाईतल्या नोंदी अशा :

चाल : कायमत, पापावाला.
चाल : टीव्ही, सगळ्या भाषांचा.
चाल : तेजाब, आकडेवाला.
चाल : बनवाबनवी, चौघांचा.
चाल : नाम, पत्राचा. (यावर आडवी फुली आणि खाली 'परत लावू नये'.)

'कयामत'चं 'कायमत' झालं त्याबद्दल बुवांना मी बोललो नाही. चाल वहीत कायमची आली होती, त्या अर्थानं ते चुकलेलंही नव्हतं.

कोकणात गणपतीत घरोघर भजन फिरतं हे सांगायला नको. रात्री पेट्रोमॅक्स पुढे, मागे पखवाज, पेटी, झांजा, चक्या आणि त्यामागे आमच्यासारखे कोरसला ओढणारे. एका घरी चहा-चिवडा, दुसऱ्या घरी काळ्या वाटाण्याची उसळ, तिसऱ्या घरी पुन्हा चहा. नमन, रूपाचा अभंग, मग गवळण, गजर, शेवटी भैरवी, हा क्रम ठरलेला. पहिले अभंग परंपरेच्या चालीत. तिथे बुवा कुणाला हात लावू देत नसत. पण गवळण आली की घरातली लहान मुलं उठून बसायची आणि गजराला मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बाया हात पुसत पुढे यायच्या. कारण गजराला नवी चाल. यंदा बुवांनी कुठली काढली, यावर मुंबईहून आलेल्यांच्या पैजा लागत.

त्या वर्षी गणपती मोठ्या मोक्याच्या वेळी आले. दूरदर्शनवरचं 'रामायण' ३१ जुलैला संपलं होतं आणि 'महाभारत' सुरू व्हायचं होतं २ ऑक्टोबरला. त्रेता आणि द्वापार यांच्या मधल्या सुट्टीत गणपती. लोकांचे रविवार मोकळे, मन भाविक आणि कान उपाशी. अशा वेळी पहिल्या रात्री, पहिल्याच घरात बुवांनी गजराला 'कायमत' काढला. पापाचा बाप्पा व्हायला कष्ट पडण्यासारखे नव्हतेच; ते कुणालाही सुचलं असतं. बुवांची हुशारी पुढे होती. मूळ गाणं गिटारवर चालतं, त्याला पखवाजाचा ठेका बसवताना त्यांनी लय थोडी खाली आणली आणि कोरसला मधल्या मोकळ्या जागा दिल्या. त्या जागांत झांजा पडल्या आणि गाणं मुळात देवासाठीच केलेलं असावं असं वाटायला लागलं.

मी तेव्हा गोगटे कॉलेजात होतो. गाण्यातल्या बापाला वाटतं मुलगा नाव काढील. मुलाला मात्र आपण कुठे चाललोय याचा पत्ता नाही. मजरूह सुलतानपुरींनी ते लिहिलं तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. ज्या माणसानं १९४६ साली 'शाहजहाँ'साठी सैगलला गाणी लिहून दिली, त्यानंच आमच्या वर्गातल्या पोरांच्या मनातलं ओळखावं, याचं मला अजून नवल वाटतं. कारण आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि त्यातले बरेच गावी येऊन बसले. वडील म्हणत, 'तू मुंबईला जाऊन नाव काढ,' आणि स्वतः मात्र मुंबईहून परत येऊन माडाच्या आळ्यात पाणी सोडत असत. त्या गाण्यावर मागून सगळ्यात मोठा आवाज यायचा तो या वडीलमंडळींचा. गजर देवाचाच होता, शब्द देवाचेच होते. पण ताण कुठे पडत होता ते चेहऱ्यांवरून दिसे.

आता तुम्ही म्हणाल, देवापुढे सिनेमाची चाल? कुणीच हरकत घेतली नाही? घेतली. आमच्या वाडीतल्या एका सोवळ्या काकूंनी घेतली, पण ती निराळ्या कारणानं. त्यांच्या घरी भजन सातव्या दिवशी पोचलं. तोपर्यंत तो गजर सगळ्या वाडीत होऊन गेलेला. काकू आतून कडाडल्या, "आमच्याकडे शिळी चाल का? कालपासून ऐकत्येय मी ही. नवीन काही नसेल तर सरळ आरती करा आणि प्रसाद घ्या." बुवा खजील झाले. त्यांनी तिथल्या तिथे वही चाळली आणि दुसरी चाल काढली.

ती दुसरी म्हणजे 'टीव्ही, सगळ्या भाषांचा'. १५ ऑगस्टला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं, त्याला पुरता महिना-दीड महिनासुद्धा झाला नव्हता. देशाची एकात्मता वगैरे गोष्टी बुवांनी ऐकून घेतल्या. त्यांचं लक्ष होतं ते सुरुवातीला गाणाऱ्या भीमसेनजींकडे. सूर भैरवीचे आहेत, हे त्यांनी पहिल्या ओळीतच पकडलं. चाल बांधणारे अशोक पत्की, म्हणजे पुन्हा आपलाच माणूस. भजनाची सांगता भैरवीनंच करायची असते. दिल्लीनं बुवांची सोय परस्पर करून ठेवली होती. अडचण एकच होती. टीव्हीवरचं गाणं दर थोड्या वेळानं प्रांत बदलतं आणि प्रांताबरोबर चालीची वळणंही बदलतात. बुवांनी काश्मीर, पंजाब आणि शेवटचा कोरस एवढंच घेतलं. "मधला आपल्या जिभेला नाय झेपत," असं म्हणून दक्षिण भारत त्यांनी पुढच्या वर्षावर ढकलला. तो अजून तिथेच आहे.

शहाणी माणसं अशा भजनांना नाकं मुरडतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडायला सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० सालचं. तेव्हापासूनच्या नाटकांत पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' म्हणून कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या गाण्याचं नाव छापलेलं असे. कुठे लावणी, कुठे कानडी पद, कुठे उत्तरेकडची ठुमरी. ती नाटकं आज आपण अभिजात म्हणून डोक्यावर घेतो आणि त्यांच्या चाली आपल्याच म्हणून सांगतो. अण्णासाहेबांनी निदान कंस तरी घातला. आमच्या बुवांनी नावेचा रकाना घातला. पुढे मोठमोठ्या संगीतकारांनी परदेशी चाली उचलल्या, त्यांपैकी किती जणांनी एवढीही तसदी घेतली, ते ज्याचं त्यानं पाहावं.

फुली मारलेल्या नोंदीबद्दल मात्र बुवा सहसा बोलत नाहीत. 'नाम' १९८६ चा. त्यातलं पंकज उधासांनी गायलेलं 'चिट्ठी आई है' हे गाणं गीतमालेच्या हिशेबानं १९८८ पर्यंत जुनं झालं होतं, आमच्याकडे नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातली निम्मी कर्ती माणसं मुंबईत आणि उरलेल्यांतली बरीचशी आखातात. राजिवड्यात, मिरकरवाड्यात, खाडीपलीकडच्या गावांत ज्या घरी कुवेतहून किंवा दुबईहून आलेला टू-इन-वन असे, त्या घरी ही कॅसेट असेच. ज्यानं टेप पाठवला तोच गाण्यातला माणूस, मग गाणं जुनं होणार कसं?

बुवांना त्या चालीवर गवळण सुचली ती सरळ होती. कृष्ण मथुरेला गेलाय, गोकुळ मागे राहिलंय आणि उद्धव निरोप घेऊन आलाय. गवळणीच्या परंपरेत हा प्रसंग शेकडो वर्षांचा आहे. मथुरेच्या जागी मुंबई आणि उद्धवाच्या जागी पोस्टमन असं कुणी म्हटलंही नाही, म्हणायची गरजही नव्हती. ज्या घरी ती गवळण पहिल्यांदा लागली, तिथला मोठा मुलगा दोन वर्षं गणपतीला आलेला नव्हता. बुवा दुसऱ्या कडव्याला आले आणि घरधनीण उठून आत गेली. मग तिची जाऊ तिच्यामागे गेली. मग म्हातारी. पुरुष मंडळी वर वाशांकडे बघत बसली. गवळण कशीबशी संपली, गजर झाला, भैरवी झाली, आरती झाली. आतून कुणी बाहेर येईना. उसळ चुलीवर होती, ती तळाला लागल्याचा वास आम्हाला बाहेर येत होता, पण उठून सांगायची छाती कुणाची नव्हती. शेवटी पखवाजवाल्यानं प्रसादाच्या ताटातले दोन लाडू उचलले, एक खिशात टाकला, एक तोंडात, आणि आम्ही पुढच्या घरी निघालो. बुवांनी वाटेतच, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, वहीवर फुली मारली. पुढे तो मुलगा आला, त्यानं घर बांधलं आणि त्या घराची दारं-खिडक्या बुवांनीच केल्या. फुली मात्र पुसली नाही.

या सगळ्यात 'तेजाब' कुठे आला? तो आला ११ नोव्हेंबरला, म्हणजे कॅलेंडरच्या १९८८ मध्ये. पण आमच्या सालात तो शिमग्याच्या बाजूला पडतो. आणि त्याचं खरं ठिकाण भजन नव्हे, जाखडी. जाखडीला मुंबईकर बाल्या नाच म्हणतात. मधे ढोलकी आणि गाणारे, भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारे. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर आले की रात्रभर सामना चालतो. गण होतो, गवळण होते आणि मग पुराणातले अवघड प्रश्न एकमेकांच्या अंगावर टाकले जातात. उत्तर आलं नाही तर नाक गेलं. शाहीर मंडळी चालींच्या बाबतीत भजनी बुवांहून धीट. सिनेमा टॉकीजला लागायच्या आत त्याची चाल जाखडीत लागते.

'एक दो तीन'ची गंमत अशी, की ते गाणं मुळातच शाहिरी पद्धतीनं झालेलं आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची चाल आधी तयार होती. कवीला मीटर कळावं म्हणून लक्ष्मीकांतनी शब्दांच्या जागी नुसते आकडे म्हणून दाखवले आणि जावेद अख्तरांनी ते आकडेच ठेवून दिले. चाल आधी आणि शब्द मागून, हा तर आमच्या शाहिरांचा रोजचा धंदा. गाण्याला पुढे जे मिळायचं ते मिळालंच. सरोज खान यांनी बसवलेल्या त्या नाचामुळे फिल्मफेअरला नृत्यदिग्दर्शनाचं वेगळं बक्षीस सुरू करावं लागलं. आणि नाचणारी मुलगी दीक्षितांची निघाल्यामुळे रामआळीपासून मांडवीपर्यंत सगळ्यांना तिच्याशी काही ना काही नातं आठवलं.

त्या हिवाळ्यात एका सत्यनारायणाच्या पूजेला सामना होता. शक्तीवाले आणि तुरेवाले दोघंही 'तेजाब'च घेऊन आले. एका रात्रीत एक चाल दोन पक्षांनी लावणं म्हणजे लग्नात दोन करवल्यांनी एकच साडी नेसून येणं. पहिली संधी शक्तीवाल्यांना मिळाली, त्यांनी आकड्यांवर दशावतार बसवले आणि दहावर थांबले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आता तुरेवाले काय करणार? तुऱ्याचा शाहीर घसा खाकरून पुढे आला. "सिनेमावाले तेरावर थांबले," तो म्हणाला, "समोरचे तर दहावरच धापा टाकायला लागले. आपला गणपती चौदा विद्यांचा आहे." आणि त्यानं खरोखर एकेक विद्या मोजत चौदापर्यंत नेलं: चार वेद, सहा वेदांगं आणि मग न्याय, मीमांसा, पुराणं, धर्मशास्त्र. हिंदी सिनेमाच्या चालीवर मीमांसा ऐकण्याचा योग त्यानंतर मला आलेला नाही. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. शाहिराचा विचार चौसष्ट कलाही घ्यायचा होता म्हणे. पण सव्वीसाव्या कलेला फेरातल्या दोघांच्या पोटऱ्या धरल्या आणि ढोलकीवाल्यानं डोळ्यांनी नको म्हटलं.

'अशी ही बनवाबनवी'चं तर विचारूच नका. तो २३ सप्टेंबरचा. तोवर आमचे बहुतेक चाकरमानी परतीच्या एसटीनं मुंबईला पोचले होते. त्यांनी तो तिकडे पाहिला आणि आम्हाला इकडे पत्रांतून त्यातले संवाद कळले. अरुण पौडवालांची गाणी पाठोपाठ कॅसेटवरून आली. पुढे तो सिनेमा आमच्याकडच्या टॉकीजला लागला तेव्हा सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आलेले पाहून पुण्यामुंबईचे लोक हसले असतील, त्याहून आमचे लोक निराळे हसले. साडी नेसलेला बाप्या ही आमच्याकडे बातमी नाही. शिमग्यातल्या नमनात गवळणी, मावशी सगळ्या बाप्येच. त्यामुळे आमच्या प्रेक्षकांचं लक्ष गोष्टीकडे कमी आणि निऱ्यांकडे जास्त. "निऱ्या उलट्या घातलान," असं मागच्या बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, ते अधिकारवाणीनं. तो दरवर्षी राधा व्हायचा. त्या शिमग्यात नमनातल्या गवळणींनी 'चौघांचा' लावला आणि मावशीला एवढे वन्स मोअर मिळाले, की पेंद्याचा प्रवेशच राहून गेला. पेंद्याचं काम करणारा पुढचा महिनाभर मावशीशी बोलत नव्हता. तो तिचा सख्खा भाऊ होता.

अलीकडच्या पानांवर लाल शाई कमी दिसते. मी बुवांना कारण विचारलं, तर म्हणाले, "गाणी हायत मायंदाळ. पन पंधरा दिसात जातात. आमचा बसवून हुईस्तवर लोक इसरतात." शिवाय आताची बरीच गाणी ताल धरून बोलल्यासारखी असतात, त्यांत अभंग बसवायचा तर अभंगच बोलावा लागेल. मधे २०१६ ला 'सैराट' आला, तेव्हा मात्र सगळे एकदम जागे झाले. तो आला २९ एप्रिलला; 'कयामत'ही आला होता २९ एप्रिललाच, बरोबर अठ्ठावीस वर्षं आधी. दोन्हीत पोरगा-पोरगी घरच्यांना न जुमानता पळून जातात, दोन्हीत शेवट वाईट, आणि दोन्ही ऐन हापूसच्या पेट्या भरायच्या धांदलीत. वहीत 'चाल : सैराट, धावती' अशी नोंद आहे. अजय-अतुलची ती धावती चाल पखवाजावर दहा दिवस वाजवून आमच्या पखवाजवाल्याचा उजवा पंजा सुजला आणि विसर्जनाला त्यानं डाव्या हातानं नारळ उचलला.

गेल्या गणपतीत बुवांनी कंटाळून पुन्हा 'कायमत' काढला. तिशीच्या आतल्या कुणालाच चालीचा पत्ता नाही. पोरांना वाटलं, ही बुवांची स्वतःची. त्यांनी मोबाइलवर गजर उतरवून घेतला आणि बुवांच्या नातवानं तो नेटवर टाकला. दोन दिवसांत इंग्रजीतून नोटीस आली की या ध्वनिफितीतली चाल अमुक एका चित्रपटगीताची आहे, हक्क दुसऱ्यांचे आहेत, तेव्हा आवाज बंद करण्यात येत आहे. नातू घाबरला. सुतारशाळेत जाऊन त्यानं आजोबांना हळूच सांगितलं. मी तिथेच पाटावर बसलो होतो.

बुवांनी रंधा खाली ठेवला. "कोन बोलला ह्या?"

"मशीन बोलतंय, आजोबा. मशीनच ऐकतं आणि ओळखतं."

"पखवाज, झांजा, कोरस आनि त्यात हा मास्तर बेसूर ओरडतोय, एवढ्यातनं ओळखलान?"

"हो."

"कुठला गाणा म्हनून बोललान?"

नातवानं स्क्रीनवर बोट ठेवून नाव वाचून दाखवलं. बुवांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. लय खाली आणल्यामुळे मूळ चाल बिघडली, असं १९८८ पासून त्यांना ऐकवणारा पेटीवाला अजून हयात आहे आणि पलीकडच्याच आळीत राहतो.

"जा, त्याचा कागद काढून आन बाजारातनं," त्यांनी नातवाला दहाची नोट दिली. "दोन प्रती काढ. एक पेटीवाल्याला नेऊन दे."